तुमचे घड्याळ मागे आहे

संगणकाने घड्याळजींचा अपमान केला, तो भर दुपारी, जेवणं आटोपून सगळं घर सुस्तावलेलं असताना. पडदा उजळला, त्यावर एक छोटंसं लाल घड्याळ उमटलं आणि त्याखाली ठळक अक्षरांत लिहून आलं: ‘तुमचे घड्याळ मागे आहे.’

घड्याळजींनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला. अक्षरं जागची हलली नव्हती.

“माझं?” ते म्हणाले. “माझं घड्याळ मागे?”

शेजारच्या स्टुलावर त्यांची नात चित्र रंगवत बसली होती. तिला शाळेत एक छानसं नाव होतं, पण घरात आजोबा तिला टिकटिक म्हणत, कारण झोपेखेरीज ती कधी थांबत नसे. तिने मान वर केली, पडद्यावरचं वाचलं आणि डोळे विस्फारले.

“आजोबा, त्याला कसं कळलं?”

“काय कसं कळलं?”

“आपल्याकडे घड्याळं असतात ते!”

घड्याळजींनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. प्रश्न बिनतोड होता. गावात एवढी घरं, एवढे संगणक. त्यातल्या कुणाला काही, कुणाला काही सांगितलं असतं तर एक वेळ समजण्यासारखं होतं. पण घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या घरात येऊन नेमकं घड्याळाचंच नाव काढायचं, म्हणजे यंत्राला डोळे असले पाहिजेत. त्यांनी संगणकाच्या मागे वाकून पाहिलं. मागे फक्त वायरी होत्या.

आता हा अपमान त्यांना एवढा का झोंबला, ते कळायला त्यांच्या घरचा कायदा माहीत हवा. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. भिंतीवर छतापर्यंत घड्याळं आणि मधोमध लांब लंबकाचं, काचेच्या कपाटातलं मुख्य घड्याळ. रोज सकाळी रेडिओवर वेळेचे ठोके पडले की घड्याळजी ते मुख्य घड्याळ लावत, आणि मग त्याच्याकडे बघून बाकीची. घरातल्या कुठल्याही घड्याळाच्या काट्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा कायदा. सून लग्न होऊन आली तेव्हा तिला घरात सगळ्यात आधी सांगितली गेलेली गोष्ट हीच होती. पाणी कुठे आहे ते नंतर.

संगणक घरात आला आणि दुकानाच्याच खोलीत बसला, तेव्हाही हा कायदा लागू झाला. बसवणारा माणूस सांगू लागला, “काका, हा आपली वेळ आपणच लावून घेतो, जगातल्या मोठ्या घड्याळांना विचारून.” घड्याळजी ताडकन म्हणाले, “ते बटण आधी बंद करा. कुठे तरी लांब बसलेला कुणी परका माझ्या घरातलं घड्याळ लावणार? छे!” त्या दिवसापासून संगणकाच्या कोपऱ्यातलं घड्याळही तेच लावू लागले. पण ते दर आठवड्याला थोडं थोडं चुकायचं, आणि त्याला पिळायला स्क्रूही नव्हता. शेवटी कंटाळून घड्याळजींनी पडद्याच्या त्या कोपऱ्यावर जखमेला लावायची पांढरी पट्टी चिकटवून टाकली. जो रोगी बरा होत नाही त्याला निदान झाकून ठेवावा, असं त्यांचं मत पडलं. पट्टीखाली काय चाललंय याची गेल्या कित्येक महिन्यांत कुणी चौकशी केली नव्हती.

आजची गोष्ट मात्र चेष्टेची नव्हती. गावातल्या चौकात एक मनोरा होता आणि मनोऱ्यावरचं मोठं घड्याळ कित्येक वर्षं बंद पडलेलं होतं. घड्याळजी लहान असताना वडिलांच्या खांद्यावर बसून त्याच घड्याळाकडे बघत वेळ वाचायला शिकले होते. ज्या गावात आपण घड्याळं दुरुस्त करतो त्या गावाचं घड्याळ बंद, ही गोष्ट त्यांना इतकी लागायची की चौकातून जाताना ते मान खाली घालत. आता नगरकार्यालयाने जाहीर केलं होतं: ज्याला हे घड्याळ दुरुस्त करता येईल त्याने आराखड्यासह अर्ज करावा. अर्ज कार्यालयाच्या संकेतस्थळावरच घेतला जाईल, मोबाइलवरून भरता येणार नाही, आणि आज संध्याकाळी पाच ही शेवटची वेळ. कुणीच पुढे आलं नाही तर जुनं यंत्र उतरवून भंगारात दिलं जाईल आणि तिथे चमकणाऱ्या आकड्यांची पाटी बसेल.

घड्याळजींनी दोन महिने खपून आराखडे काढले होते. ते संगणकात तयार होते. फक्त संकेतस्थळ उघडायचं बाकी होतं, तर त्याच्या जागी हे!

“खाली बटण पण आहे,” टिकटिक म्हणाली. “तारीख आणि वेळ बदला.”

“मी बदलू?” घड्याळजींचा आवाज चढला. “हा मला सांगणार, वेळ बदला म्हणून?”

आवाज ऐकून आजी स्वयंपाकघरातून आली. पडदा बघून म्हणाली, “अहो, त्यात काय एवढं? दाबायचं काहीतरी. मी मोबाइलवर नेहमी दाबते.”

“काय दाबतेस?”

“जे सगळ्यात मोठं असेल ते.”

घड्याळजींनी तिच्याकडे असं पाहिलं की आजीने हात मागे घेतला.

“आधी शोध घेऊ,” ते म्हणाले. “एवढ्या ठामपणे सांगतोय म्हणजे काहीतरी असेल. टिकटिक, चल. कुठलं घड्याळ मागे आहे ते बघू.”

काल रविवारी नवा जीव घातलेलं आपलं स्टॉपवॉच गळ्यात अडकवून ते निघाले. मुख्य घड्याळ पाहिलं, चोख. भिंतीवरची सगळी पाहिली, चोख. झोपायच्या खोलीतलं गजराचं, गिऱ्हाईकांची दुरुस्त झालेली, अगदी टिकटिकच्या बाहुलीच्या मनगटावरचं रंगवलेलंसुद्धा तिने दाखवलं. शेवटी स्वयंपाकघर. तिथल्या घड्याळासमोर घड्याळजी उभे राहिले, मनगट बघितलं, पुन्हा भिंत बघितली.

“हे मागे नाहीये,” ते सावकाश म्हणाले. “हे दहा मिनिटं पुढे आहे!”

आजीला अचानक कढई घासायची आठवण झाली.

“अगं, याला कुणी हात लावला?”

“लावला कुणीतरी.”

“कुणी?”

“तुम्ही जेवायला कधी वेळेवर येत नाही म्हणून लावला!” आजी कढईत बघत म्हणाली. “हाक मारली की म्हणायचं, अजून दहा मिनिटं आहेत. मग मी ती दहा मिनिटं आधीच खर्च करून ठेवली.”

“कधीपासून?”

“आपलं लग्न झालं त्या वर्षापासून.”

घड्याळजींनी चष्मा कपाळावर चढवून काटा जवळून पाहिला. रोज सकाळी ते हे घड्याळ लावत आणि रोज ते वळले की मागून कुणीतरी काटा सरकवत असे. एवढ्या वर्षांत काट्याची ती बारीकशी किरकिर आपल्या कानाला कशी कळली नाही? पण शोक करायला वेळ नव्हता. आणि शिवाय, हे घड्याळ पुढे होतं. संगणक म्हणत होता मागे.

परत येऊन त्यांनी हवामानाचं पान उघडून पाहिलं. ‘तुमचे घड्याळ मागे आहे.’ टिकटिकच्या गोष्टींचं पान. तेच. मनोऱ्यांच्या जुन्या फोटोंचं एक पान ते रोज बघत, ते. तेच! जणू साऱ्या जगाने बैठक घेऊन ठराव केला होता. त्यातच, विषाणूंवर लक्ष ठेवणाऱ्या कार्यक्रमाची कोपऱ्याजवळची ढाल नेहमी हिरवी असायची, ती आज पिवळी पडली होती. तिच्यावर बोट नेलं तर ती म्हणे, ‘परवान्याची मुदत अजून सुरू झालेली नाही.’

“अजून सुरू झालेली नाही?” आजी म्हणाली. “गेल्या वर्षीच सूनबाईने घेतलाय की.”

“सगळे मिळून खोटं बोलतायत,” घड्याळजी म्हणाले. पण आवाजात राग कमी आणि धाक जास्त होता. खोटं बोलायला तरी एवढी माणसं एकमताने कशी आली? मुख्य घड्याळाने साडेचारचा ठोका दिला.

सून दंतवैद्याकडे कामाला जायची, तिचा फोन कामाच्या वेळी बंद असायचा. तेव्हा आजीने आपला मोबाइल काढला आणि त्यात जे घडलं तेच लिहून विचारलं: संगणक म्हणतो घड्याळ मागे आहे, काय करू? पुष्कळ उत्तरं आली. आजीने नेहमीप्रमाणे सगळ्यात मोठं होतं ते दाबलं.

मोबाइल भोंग्यासारखा ओरडू लागला. पडदा लालभडक झाला. ‘आदरणीय ग्राहक! आपल्या यंत्रात भयंकर विषाणू शिरले आहेत. पाच मिनिटांत खालील क्रमांकावर फोन करा, अन्यथा आपले सर्व काही कायमचे पुसले जाईल.’ खाली एक उलटं चालणारं घड्याळ होतं आणि ते पाचावरून चारकडे निघालं होतं.

“बघा!” आजी घाबरून म्हणाली. “याला सगळं माहीत आहे.”

घड्याळजींनाही हे बरं वाटलं. संकट मोठं होतं, पण भाषा कशी, आदरणीय वगैरे! नाही तर तो संगणक, सरळ तोंडावर सांगतो मागे आहे म्हणून. त्यांनी आपल्या फोनवरून तो क्रमांक लावला. आणि फोन वाजत असताना त्यांच्या अंगठ्याने, त्यांना न विचारता, गळ्यातल्या स्टॉपवॉचची कळ दाबली. ही त्यांच्या हाताची खोडच होती. कुठलंही चालतं घड्याळ समोर आलं की अंगठा ते मोजायला लागायचा, लग्नातसुद्धा.

“नमस्कार सर,” पलीकडून मधाळ आवाज आला. “सुरक्षा विभागातून बोलतोय. घाबरू नका, आपण अगदी वेळेवर फोन केलात.”

“मी वेळेवरच असतो,” घड्याळजी म्हणाले. मग त्यांनी स्टॉपवॉचकडे पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. “पण तुमचं घड्याळ तसं नाहीये हो.”

“काय, सर?”

“तुमच्या पानावरचं घड्याळ. पुढे धावतंय. तुमचं एक मिनिट झालं तेव्हा माझं पाऊणच झालं होतं.”

“सर, आपल्या संगणकात विषाणू आहेत...”

“ते असू द्या, ते कुठे पळून जातात? हे बघा, एवढं धावणारं घड्याळ बरं नाही. लोकांचा घोटाळा होतो. तुम्ही ते माझ्याकडे आणून द्या. चौकातून सरळ आलात की डाव्या हाताला दुकान.”

“सर, आधी मी सांगतो तो कार्यक्रम उतरवून घ्या. म्हणजे मला इथून आपला पडदा दिसेल.”

“मला इथून तुमचं घड्याळ दिसतंय त्याचं काय? थांबा, थांबा. शून्यावर येतंय.” घड्याळजी मोबाइलवर वाकले. आजीने टिकटिकला जवळ ओढलं. तीन, दोन, एक. शून्य.

काहीच झालं नाही. पडदा लुकलुकला, आणि घड्याळ पुन्हा पाचावर जाऊन उलटं चालू लागलं.

“अहो!” घड्याळजी म्हणाले. “हे परत पाचावर गेलं!”

“सर, ते... आपल्याला आणखी एक संधी दिलेली आहे.”

“घड्याळ संधी देत नाही,” घड्याळजी म्हणाले. आता त्यांचा आवाज एकदम शांत झाला होता. गिऱ्हाईकाचं घड्याळ उघडून दोष सापडला की व्हायचा तसा. “जन्म गेला माझा घड्याळांत. मागे पडणारी बघितली, पुढे धावणारी बघितली, रुसून बसणारी बघितली. पण गेलेली वेळ परत देणारं घड्याळ काही बघितलं नाही. असं घड्याळ ज्याच्याकडे असेल तो देव तरी असेल नाहीतर चोर तरी. तुम्ही कोण?”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग फोन बंद झाला.

याच वेळी सून दारात चपला काढत होती. घरात भोंगा वाजतोय, सासूबाई नातीला घट्ट धरून उभ्या आहेत आणि सासरे फोनकडे बघतायत, हे बघून तिच्या हातातली पिशवी खाली पडली.

“बाबा, कोण होतं? काय सांगितलंत त्याला? काही उतरवून नाही ना घेतलं? कुठला आकडा बिकडा?”

“काही नाही दिलं,” घड्याळजी म्हणाले. “त्याचं घड्याळ पुढे होतं, तेवढं सांगितलं. त्याला राग आला.”

सुनेने आजीच्या हातातून मोबाइल घेतला, ते लाल पान बंद केलं, भोंगा थांबला. मग ती खुर्चीत बसली आणि हसू लागली. बराच वेळ तिला बोलता येईना.

“आई, खरी सूचना कधी ओरडत नाही हो,” ती शेवटी म्हणाली. “ती फोन करा म्हणत नाही, पाच मिनिटांत करा म्हणत नाही. घाई करतो तो चोर. खरा पहारेकरी नुसता आडवा उभा राहतो.”

“मग हा पहारेकरी काय म्हणतोय ते बघ,” घड्याळजींनी संगणकाकडे बोट दाखवलं. “मघापासून आडवाच उभा आहे. आणि पाच वाजत आलेत.”

“काय म्हणतोय?”

“माझं घड्याळ मागे आहे म्हणतोय.”

“आणि त्याच्या खाली?”

“खाली काय?”

“बाबा, खाली बारीक अक्षरांत लिहिलंय ना. वाचलंत का?”

कुणीच वाचलं नव्हतं. वरचं मोठं अक्षर एवढं लागलं होतं की खाली नजर गेलीच नव्हती. सुनेने मोठ्याने वाचलं: “‘आपल्या संगणकावरील तारीख आणि वेळ चुकीची असल्यामुळे या संकेतस्थळाशी सुरक्षित जोडणी करता येत नाही.’”

“कुठलं घड्याळ म्हणतंय ते?” टिकटिकने विचारलं.

 चौघांच्या नजरा हळूहळू पडद्याच्या खालच्या कोपऱ्याकडे गेल्या. तिथे पांढरी पट्टी होती.

घड्याळजी पुढे झाले. त्यांनी नखाने पट्टीचं टोक उचललं आणि ती हळूच सोलून काढली. खाली तारीख होती एक जानेवारीची. आणि साल होतं अकरा वर्षांपूर्वीचं.

“म्हणजे याच्या हिशोबाने,” टिकटिक बोटं मोजत म्हणाली, “मी अजून झालेच नाही?”

“नाही,” सून म्हणाली. “तुझ्या बाबांनी मला अजून मागणीसुद्धा घातलेली नाही.”

“मग मी रोज दोन वेळा वाढते कुणाला?” आजी म्हणाली.

पण घड्याळजी हसत नव्हते. “तारीख चुकली ते कळलं,” ते म्हणाले. “पण त्यासाठी दार का बंद? वेळेचा आणि कुलपाचा काय संबंध?”

सुनेने खुर्ची ओढली. घाई होती, पण समजल्याशिवाय बाबा ते बटण दाबू देणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं.

“हे बघा. आपण कुठलंही पान उघडलं की ते आधी आपलं ओळखपत्र दाखवतं. मी अमुक कार्यालय, हे माझं ओळखपत्र, या दिवसापासून त्या दिवसापर्यंत चालेल. हा आपला पहारेकरी ते हातात घेतो आणि आपल्या घड्याळाकडे बघतो. आज तारीख काय? त्या दोन तारखांच्या मधली असेल तरच आत. आता याच्या घड्याळात अकरा वर्षांपूर्वीचं साल. कार्यालयाचं ओळखपत्र यंदाचं. हा म्हणणार, हे अजून छापलेलंच नाही, तू कुठून आणलंस? लबाड आहेस. ढालीचंही तेच. परवाना गेल्या वर्षीचा, म्हणजे याच्या मते पुढे कधीतरी मिळणार असलेला.”

“सगळे एकच सांगत होते!” टिकटिक म्हणाली.

“आणि हे... सगळीकडे असंच?” घड्याळजींनी विचारलं. “सगळ्या दारांना?”

“सगळ्या. बँक असो, दवाखाना असो, तुमच्या मनोऱ्यांचे फोटो असोत. दर वेळी, आपल्याला कळतही नाही एवढ्यात, कुणीतरी घड्याळ बघून घेतं.”

घड्याळजी बसले. कित्येक वर्षं लोक त्यांना सांगत आले होते की आता घड्याळाला कोण विचारतो, तुमचा धंदा संपला, सोडून द्या. तेही मनातल्या मनात ते मानायला लागले होते. आणि इथे सून सांगत होती की जगातल्या साऱ्या दारांवर पहारेकरी उभे आहेत आणि प्रत्येकाच्या हातात घड्याळ आहे. ते चुकलं तर खरा माणूस बाहेर राहतो. त्यांनी भिंतीवरच्या आपल्या घड्याळांकडे एकदा पाहिलं, लहान मुलांकडे पाहावं तसं.

“आणि त्या सगळ्यांचं घड्याळ कोण लावतं?”

“मोठी घड्याळं असतात, बाबा. अणूंवर चालणारी. लाखो वर्षांत एखादा सेकंद चुकतात, असं म्हणतात.”

“लाखो वर्षांत...” घड्याळजी पुटपुटले. आपलं लंबकाचं मुख्य घड्याळ दिवसाला एखाददोन सेकंदच चुकलं तर त्यांची छाती फुगायची. ते न कळत खुर्चीतून उठून उभे राहिले. वर्गात मोठे गुरुजी आले की मुलं उठतात, तसे.

“बटण चालू कर,” ते म्हणाले.

“तुम्ही बंद करायला लावलेलं?”

“तेच. लावू दे त्यांना. माझी हरकत नाही.”

सुनेने आधी तारीख हाताने सुधारली आणि मग ते बटण दाबलं. कोपऱ्यातले आकडे एकदा थरथरले आणि स्थिर झाले. घड्याळजींनी लगेच वळून काचेच्या कपाटात पाहिलं, पुन्हा कोपऱ्यात पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक विचित्र भाव आला.

“काय झालं?” आजीने विचारलं.

“दोन सेकंद,” ते म्हणाले. “माझं मुख्य घड्याळ. खरंच मागे आहे.”

संकेतस्थळ उघडलं, मुकाट्याने, कालपर्यंत उघडत होतं तसं. पत्त्याच्या पट्टीच्या टोकाला एक इवलंसं कुलूप दिसलं. रोजच असायचं ते. घड्याळजींनी आज पहिल्यांदा बघितलं आणि आदराने मान हलवली. सून आराखडे चढवू लागली. एक गेला, दुसरा अडकला, पुन्हा गेला. लंबक एकीकडून दुसरीकडे जात होता. पाच वाजायला थोडं उरलेलं असताना पडद्यावर आलं: ‘आपला अर्ज मिळाला.’

आजीने सगळ्यांना पाणी दिलं. टिकटिक दोन वेळा खोलीभर नाचून आली आणि मग, नेहमीप्रमाणे, तिला प्रश्न पडला.

“पण आई, ते मागे गेलंच कसं?”

“तेच मला कळेना,” सून म्हणाली. “संगणक बंद असला तरी तारीख विसरत नाही तो. आत एक छोटा सेल असतो, नाण्याएवढा. तो रात्रंदिवस वेळ सांभाळत बसतो. तो कुणी काढला तरच...”

घड्याळजींनी गळ्यातलं स्टॉपवॉच हळूच सदऱ्याच्या आत सरकवलं.

“आजोबा,” टिकटिक म्हणाली, “काल तुम्ही धूळ काढायला संगणक उघडला होता ना? मी टॉर्च धरला होता. तेव्हा तुम्ही म्हणालात, भिंतीतून एवढी वीज पितो, त्याला ही टिकली कशाला, आणि मग ती...”

“टिकटिक,” घड्याळजी म्हणाले, “जरा थांब.”

असं ते तिला जन्मात पहिल्यांदाच म्हणाले होते.

आजीने पदराने तोंड झाकलं, पण खांदे हलत होते ते दिसत होतं. “म्हणजे बटण तुम्ही बंद केलंत, पट्टी तुम्ही लावलीत आणि सेलही तुम्हीच काढलात! आणि शोध कुणाचा घेतलात? माझ्या स्वयंपाकघराचा!”

घड्याळजींनी स्टॉपवॉच उघडलं, सेल काढून तळहातावर घेतला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. याच सेलाने त्या चोराचं घड्याळ खोटं पाडलं होतं, आणि याच सेलावाचून त्यांचं घर अकरा वर्षं मागे गेलं होतं. एवढ्याशा चकतीत केवढं राज्य! त्यांनी तो परत संगणकाच्या पोटात त्याच्या जागी बसवला आणि झाकण लावताना वर हलकेच थोपटलं.

पुढे अर्ज मंजूर झाला. तसा अर्ज एकच आला होता, पण ते घड्याळजींना कुणी सांगितलं नाही. महिनाभर ते रोज मनोऱ्याचा जिना चढून जात होते, आणि एक दिवस शेवटचं चाक बसलं. माणसाच्या उंचीएवढ्या काट्याशेजारी उभं राहून त्यांनी खाली पाहिलं. चौकात लोक माना वर करून थांबले होते. आता फक्त वेळ लावायची होती. मनगटावरचं घड्याळ होतं, पण गावाच्या घड्याळाला मनगटावरचं कसं चालेल? त्यांनी घरी फोन लावला.

“अगं, बघून सांग. किती वाजले?”

“पाच वाजून दहा,” आजी म्हणाली. मागून भांड्यांचा आवाज येत होता.

घड्याळजींचा हात काट्यावर गेला आणि थांबला.

“कुठलं घड्याळ?”

भांड्यांचा आवाज थांबला.

“स्वयंपाकघरातलं,” आजी म्हणाली.

“बाहेर जा. संगणकाच्या कोपऱ्यात बघ.”

पावलं वाजली. मग आजीचा आवाज आला, आता अगदी हळू, देवळात बोलावं तसा. “पाच वाजतायत हो. आत्ता. आत्ताच वाजले.”

घड्याळजींनी काटा लावला आणि लंबक सोडला. मनोरा आतून घुमला. पहिला ठोका पडला तेव्हा खाली चौकात उभी असलेली सगळी माणसं, कुणी मनगटाकडे, कुणी मोबाइलकडे बघू लागली. आणि त्या सगळ्यांचं एकमत झालं.

त्या संध्याकाळी घड्याळजी घरी आले तेव्हा त्यांच्या कानाला स्वयंपाकघरातून काटा सरकवल्याची बारीक किरकिर आली. त्यांनी वळून पाहिलं नाही. हातपाय धुतले आणि दहा मिनिटं आधीच जेवायला पानावर जाऊन बसले.